कोळसा उगाळावा तितका

वडगावात आमच्या गल्लीत रंगाला दोन नावं:
मागावर बण्ण, घरात रंग.
गटारीत उतरला की त्याला भाषा लागत नाही.

एकतीस वर्षं मी सुताच्या लडी बुडवल्या.
उकळतं पाणी, मीठ, वरून सोडा,
आणि बांबूवर लडी फिरवत राहायचं
आतून-बाहेरून सारखा चढेपर्यंत.
माझी सगळी विद्या एवढीच,
बसलेला रंग उठू नये.
साडी विरली खरं काठाचा मोरपिशी हलला नाही,
असं शहापूरचा एक दुकानदार चारचौघांत बोलला होता.
ते मी अजून पुरवून खातो.

जो बसला नाही त्याचा हिशोब कुणी ठेवला?
परसातल्या चरीतून नाल्यात,
नाल्यातून भाताच्या शिवारात.
एका सकाळी भरमाण्णा बिर्जे दारात उभा,
हातात तांब्या, तांब्यात त्याच्या विहिरीचं पाणी.
शिवी दिली नाही.
ओट्यावर ठेवला आणि म्हणाला,
"ओळखतोस काय, बघ."

ओळखला.
गुरुवारचा राणी होता तो.

त्यानंतर दानेश्वरीनं अंगण काळं केलं.
माझी थोरली, कॉलेजात केमिस्ट्री.
खानापूरचे फणस बाजारात येतात,
गरे माणसं नेतात,
सालींचा काटेरी ढीग गुरंसुद्धा निम्मा टाकतात.
तो तिनं पोत्यानं आणला, पत्र्यावर वाळवला,
ॲसिडात भिजवला, डब्यात कोंडून भाजला.
धूर निघू दे, जाळ नको,
राख झाली तर मेहनत वाया.
मग धुणं. परत धुणं.
लिटमसचा कागद गप्प बसेपर्यंत धुणं.
आमच्या घरात रंगाशिवाय एवढं पाणी
पहिल्यांदाच गेलं.

शेवटी कोळसा पाट्यावर घेतला.
मी खाटेवरून म्हटलं,
उगाळावा तितका काळाच, पोरी.
ती वर न बघता म्हणाली,
उगाळावा तितका भुकेला, अप्पा.
चिमूटभरात म्हणे अंगणाहून मोठी जागा असते,
सगळी आत, भोकांच्या भोकांत.
मला एक खोली वाढवायला नऊ वर्षं लागली.

बरणीत राणीचं पाणी, त्यात ती पूड.
हलवली, ठेवली, परत हलवली.
शेजारच्या मागावर वीतभर कापड झालं असेल तेवढ्यात
तिनं ते माझ्याच जुन्या मांजरपाटातून गाळलं.

खाली उतरलं ते पाणी.
नुसतं पाणी.
बरणीमागचा पेपर वाचता आला,
कानडी मथळा आणि खालची मराठी जाहिरात.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं नाही.
एकतीस वर्षं बसवायला शिकलो
आणि फणसाच्या सालीनं तासाभरात उतरवला.
कापडावर उरलेला काळा लगदा बोटावर घेतला,
नळाखाली धरला, चोळला.
काळंच पाणी निघालं. राणीचा थेंब नाही.
माझा सगळा रंग आत होता, न दिसता,
आणि उठत नव्हता.
तेव्हा कळलं, ही पोरगीबी रंगारीच,
फक्त कापड वेगळं.

"आता ह्या लगद्याचं काय?" मी विचारलं.
ती बराच वेळ मांजरपाट पिळत राहिली.
"त्याचंच बघायचंय अजून."

भरमाण्णाला तोच तांब्या परत दिला, भरून.
त्यानं हुंगला, बोट बुडवून जिभेला लावलं.
"रंग गेला. मीठ हाय तसंच हाय."
मग न्हाणीमागच्या पिवळ्या कर्दळीच्या बुडात ओतला.
"पैलं हिला पाजू. सोमवारी बघायला येतो."

आज शुक्रवार.
कर्दळ पिवळीच आहे.
सकाळपासून चारदा बघून आलो.